प्रगत माणसाचा रोजचा सराव

मी प्रगत आहे. हे मी माझ्या तोंडाने म्हणत नाही, आमच्या मर्गिलान शहरात सगळेच म्हणतात. वरच्या वर्गांना मी इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हाची पोरं आता स्वतःच्या पोरांना माझ्याच वर्गात आणून बसवतात. गल्लीत मला इनोमजोन म्हणून हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. मी ‘दोमला’, म्हणजे गुरुजी. इंग्रजी मी वाचतो, लिहितो, दुसऱ्यांचं तपासून लाल करतो. फक्त बोलत नाही. बोलावं असा माणूसच समोर आला नाही, त्याला मी काय करणार?

तर त्या वसंतात मुख्याध्यापिका झुल्फिया-ओपांनी मला खोलीत बोलावलं. आधी माझी तब्येत विचारली, मग बायकोची, मग ताश्कंदला शिकणाऱ्या मुलीची, मग घराच्या छपराची. छपरापर्यंत गोष्ट गेली की समजावं, बातमी वाईट आहे.

“दोमला, नवा नियम आलाय,” त्या म्हणाल्या. “वरचे वर्ग शिकवायचे तर वरच्या पातळीचं प्रमाणपत्र हवं. तोंडी परीक्षेसकट.”

“आणि नसलं तर?”

“तर दहावी-अकरावी दिलफुझा घेईल. तिच्याकडे आहे. तुम्ही दुसरीचा वर्ग घ्या. चित्रं वगैरे आहेत त्यात, सोपं असतं.”

दिलफुझा माझीच विद्यार्थिनी. तिला मी फळ्यासमोर रडवलेलं आहे. आणि दुसरीच्या वर्गात काय असतं ते मला पक्कं ठाऊक होतं: हातात सफरचंदाचं चित्र धरायचं आणि शेंबड्या पोरांकडून ‘सफरचंद’ म्हणवून घ्यायचं. या वयात मी सफरचंद धरून उभा राहणार आणि भिंतीपलीकडे दिलफुझा माझ्या मुलांना निबंध शिकवणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

प्राथमिक माणसाचं बरं असतं. त्याला काहीच येत नसतं, म्हणून त्याला सगळे शिकवतात. प्रगत माणसाला कोणी शिकवत नाही, सगळे नुसता सल्ला देतात. मुलीने फोनवर एक लेख पाठवला: प्रगत विद्यार्थ्यांसाठी रोजचा सराव. कोणा दीडशहाण्याने लिहिलं होतं की रोज अर्धा तास मोठ्याने बोला, कोणी नसेल तर स्वतःशी बोला, जे करताय त्याचंच वर्णन करा, एकही दिवस खाडा करू नका. लिहिणाऱ्याला बहुधा शेजारी नसावेत.

दुसऱ्या दिवसापासून मी अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली फेऱ्या मारत सुरू केलं. आता मी वेलीला पाणी घालत आहे. आता मी कोंबडीला हाकलत आहे. कोंबडी जात नाही. हे सगळं इंग्रजीत, शुद्ध उच्चारांत, हातवाऱ्यांसह. पलीकडे कुदरतचं घर. मधली भिंत मातीची आणि कुदरत तिच्यावर हनुवटी टेकून बसायला जन्मलेला माणूस.

चौथ्या की पाचव्या दिवशी दार वाजलं. बाहेर गल्लीतल्या बायका उभ्या. एकीच्या हातात गरम नान, एकीच्या हातात रश्शाचं पातेलं, आणि सगळ्यांत पुढे असलेल्या म्हातारीच्या हातात लोखंडी तव्यात धुमसणारी इसिरिकची धुरी, जी आमच्याकडे दृष्ट आणि ताप दोन्हींवर चालते. मला अंगणातल्या तख्तावर, म्हणजे बसायच्या लाकडी ओट्यावर, बसवून तिने माझ्या डोक्याभोवती तवा फिरवला. मी खोकत होतो, तर सगळ्याजणी समाधानाने माना डोलवत होत्या, की निघतंय.

मागून मोहल्ल्याचे अध्यक्ष यूनुस-ओता आले. गल्लीतल्या सर्वांचे काका, न्यायाधीश आणि पंचांग.

“दोमला, जिन्न लागला असेल तर सांगा,” ते माझा हात हातात घेऊन म्हणाले. “शिकलेल्या माणसालाही लागतो. लाजू नका.”

“ओता, हा सराव आहे!”

“हो हो. सुरुवातीला सगळे तसंच म्हणतात.”

“अहो, परीक्षेचा सराव! लेखात लिहिलंय, स्वतःशी बोला म्हणून.”

यूनुस-ओतांनी माझा हात थोपटला. “स्वतःशी बोलायचं असतं ते मनात. मोठ्याने बोलायचं असेल तर देवाने शेजारी दिलेत ना? कुदरत आहे की. इंग्लंडला जाऊन आलाय.”

इथे कुदरतबद्दल सांगायलाच हवं. हा गृहस्थ दोन उन्हाळे इंग्लंडला स्ट्रॉबेऱ्या तोडायला गेला होता. तिथून एक निळं जाकीट आणि थोडं इंग्रजी घेऊन आला, आणि दोन्ही सणासुदीला न विसरता बाहेर काढतो. त्याच्या इंग्रजीला कर्ता, कर्म, लाज यांतलं काहीही नाही. शेताच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडायची भाषा ती.

“बोला की माझ्याशी, दोमला,” तो भिंतीवरूनच म्हणाला. “फुकट शिकवतो.”

मला! हा! शिकवणार! मी धुरीचा तवा उचलून त्याच्या हनुवटीखाली धरणार होतो, पण बायको, हाफिझा, मध्ये आली.

मी ठरवलं की आता अस्सल इंग्रजच शोधायचा. आणि तो मला सापडला, कुदरतच्या मदतीशिवाय, रेशमाच्या बाजारात. एक उंच, पिकल्या मिशांचा साहेब दुकानासमोर उभा राहून नुकतंच विकत घेतलेलं कापड खिशातल्या स्वतःच्या टेपने पुन्हा मोजत होता. दुकानदार छातीवर हात ठेवून शपथा घेत होता. मी पुढे झालो आणि घरून घोटून आणलेलं वाक्य म्हटलं, की आमच्या शहरात आपलं स्वागत असो आणि आपण माझ्या गरीबखान्यात चहाला यावं. साहेबांना ते कळलं! माझं इंग्रजी खुद्द इंग्रजाला कळलं, हे तिथे नमूद करायला एकही शहाणा साक्षीदार नव्हता, होता तो फक्त दुकानदार.

मिस्टर ह्यूबर्ट निवृत्त होते. आयुष्यभर वजनमापांचे निरीक्षक होते. दारूच्या गुत्त्यांत जाऊन गिऱ्हाइकाला पेला कमी भरून देणाऱ्यांना पकडणं हे त्यांचं काम. आता विणकाम बघायला आले होते आणि उन्हाळा संपेपर्यंत इथल्याच एका पाहुणघरात राहणार होते. रोज संध्याकाळी चहाला यायचं त्यांनी आनंदाने कबूल केलं. रोज अर्धा तास, अस्सल माणूस, माझ्याच अंगणात. दिलफुझाने माझे वर्ग विसरावेत, असं मी मनात म्हणूनही टाकलं.

पण पाहुणा अंगणात आला की तो तुमचा राहत नाही, गल्लीचा होतो, हे मी प्रगत असून विसरलो. मिस्टर ह्यूबर्ट पहिल्या दिवशी तख्तावर बसले न बसले तोच यूनुस-ओता आले, त्यांच्यामागे न्हावी, त्याच्यामागे न्हाव्याचे व्याही, आणि कुदरत तर भिंतीवरूनच आला, निळं जाकीट घालून. प्रत्येकाने साहेबांची तब्येत विचारली, त्यांच्या बायकोची, मुलांची, इंग्लंडातल्या घराच्या छपराची. प्रत्येक प्रश्न कुदरत ओरडून इंग्रजीत करत होता. साहेब हसून हसून उत्तरं देत होते.

आणि मी? मी यजमान. आमच्याकडे यजमान बसत नाही. तो किटली घेऊन उभा असतो. पियाल्यात चहा जितका कमी, तितका पाहुण्याचा मान मोठा. घोटभर ओतायचा, म्हणजे त्याने पुन्हा पुन्हा मागावा, म्हणजे आम्ही पुन्हा पुन्हा ओतावा, म्हणजे त्याने जाऊच नये. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे ‘हा प्या आणि चालते व्हा’. ते आम्ही शत्रूलाही सहसा करत नाही. तेव्हा एवढ्या माणसांना घोटाघोटाने मान देत मी किटलीसह तख्ताभोवती फिरत राहिलो. ओतून शेवटच्यापर्यंत पोचावं तर पहिल्याचा रिकामा. रोज संध्याकाळी माझ्या अंगणात उत्तम इंग्रजी संभाषण चालायचं आणि त्यातला माझा वाटा इतकाच की ‘घ्या’, ‘अजून घ्या’, ‘नान गरम आहे’. हे मला प्रमाणपत्राआधीही येत होतं.

“तुम्ही जरा बसा ना त्यांच्यात,” हाफिझा म्हणाली.

“मग चहा कोण ओतणार? तू पुरुषांत?”

“मग गल्लीला येऊ नका म्हणा.”

“पाहुणा बसलेला असताना शेजाऱ्याला दारातून परत पाठवू?”

“मग सफरचंद धरा,” ती म्हणाली आणि आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायकोला नेम चुकवायची गरज वाटत नाही.

एवढ्यात मोहल्ल्याच्या कचेरीने डोकं वर काढलं. म्हणजे पुन्हा यूनुस-ओतांनीच. घरी ते चहा पिऊन जायचे आणि कचेरीत तेच मला नोटीस द्यायचे.

“परदेशी माणूस रोज घरी येतो, तर त्याची नोंद हवी,” ते चष्मा लावून म्हणाले. चष्मा लावला की ते मला ओळखत नाहीत. “कारण काय लिहू?”

“इंग्रजीचा सराव.”

“असं कारण नाही. चार कारणं आहेत: नातेवाईक, बांधकाम, मयत, जेवणावळ.”

“पण यातलं काहीच नाही!”

“मग बेकायदा आहे.” त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. “नातेवाईक लिहिलं तर तुमच्या आईची बदनामी. मयत नको, अशुभ. जेवणावळ लिहितो.”

आणि लिहिलं. दुसऱ्या दिवसापर्यंत गल्लीभर झालं की दोमला जेवणावळ घालणार. कशाची, हे कोणी विचारलं नाही. कागदावर आहे म्हणजे असणार. बायका गाजरं चिरायला कधी यायचं ते विचारू लागल्या. न्हावी मोठी कढई घेऊन आला. मी ओतांकडे गेलो तर ते म्हणाले, “नोंद झाली आहे, दोमला. आता जेवणावळ झाली नाही तर मी खोटी नोंद केली असं होईल. मला या वयात खोटं पाडता?”

घातली जेवणावळ. आमच्या रिवाजाप्रमाणे पहाटेच सगळी गल्ली पुलाव खाऊन, दाढीवरून हात फिरवून, मला दुवा देऊन गेली. मिस्टर ह्यूबर्टना मानाच्या जागी बसवलं होतं. त्यांनी कुदरतमार्फत भाषण केलं. मी कढईपाशी झारा घेऊन उभा होतो. परीक्षा तोंडावर आली होती आणि महिनाभरात माझ्या तोंडून इंग्रजीची चार धड वाक्यं सलग बाहेर पडली नव्हती.

तेव्हा मी ठरवलं, बास. साहेब नको, गल्ली नको. मी, माझं पुस्तक आणि माझं अंगण. पण घरी आलेल्याला ‘जा’ कसं म्हणायचं? त्याला आमच्याकडे एकच सभ्य रीत आहे. त्या संध्याकाळी मी मिस्टर ह्यूबर्टसमोर गेलो, डोळे मिटले आणि पियाला काठोकाठ भरला.

न्हाव्याने घास तोंडातच ठेवला. आणि मिस्टर ह्यूबर्ट? त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पियाला दिव्याकडे धरून डोळे बारीक करून पाहिला, आणि पूर्ण माप मिळाल्यावर निरीक्षकाला जे काय होत असेल ते त्यांना झालं. माझ्या खांद्यावर थोपटून त्यांनी तो रिकामा केला आणि पुढे केला. मी पुन्हा काठोकाठ भरला. ते अजूनच खूष!

यूनुस-ओता मात्र उठले. “चला रे,” ते गंभीरपणे म्हणाले. “दोमलांनी सांगितलंय.”

“तुम्हाला नाही, ओता! यांना!”

“पाहुण्याला? तुझ्या बापाने तर कर वसूल करायला आलेल्यालाही अर्धा दिला होता.” ते रागावले की अहो-जाहो विसरतात.

आतून हाफिझाचा हात आला आणि तिने माझी बाही धरून मला दारामागे ओढलं. “लाज वाटते का, पोरांचे बाबा? काठोकाठ? माझ्या घरात?”

त्यानंतरच्या संध्याकाळी मी ओतांच्या, न्हाव्याच्या आणि न्हाव्याच्या व्याह्यांच्या दारी जाऊन रुसवे काढत होतो, आणि घरी मिस्टर ह्यूबर्ट माझ्याच तख्तावर माझ्याच उशीला टेकून कुदरतशी गप्पा मारत होते. परत आलो की मी न चुकता त्यांचा पियाला गच्च भरायचो. ते न चुकता आभार मानायचे. इतका अपमान इतक्या आनंदाने पिणारा माणूस मी पाहिलेला नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. केंद्र शेजारच्याच फरगानाला. कुदरतने आपली गाडी काढली, कारण म्हणे दोमला एकटे गेले तर बरं दिसत नाही. आणि पुढच्या सीटवर मिस्टर ह्यूबर्ट आधीच बसलेले, मांडीवर बदामांची पुडी. मी मागे बसलो. स्वतःच्या परीक्षेला मी मागच्या सीटवर गेलो, हेही लिहून ठेवावं. दोघं वाटभर हसत होते. मी मनात सुरुवातीचं वाक्य घोळवत होतो.

आत एक राखाडी केसांच्या परीक्षक बाई बसल्या होत्या. टेबलावर आवाज टिपायचं यंत्र, घड्याळ, आणि आमच्याकडे सगळीकडे असते तशी चहाची किटली आणि पियाले. मी बसलो. वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. बाई माझ्याकडे पाहून फार गोड हसल्या. यंत्र सुरू करण्याआधी त्यांनी किटली उचलली आणि माझ्यासमोरच्या पियाल्यात ओतायला लागल्या.

घोटभर झाला. आता थांबतील, मी म्हटलं. अर्धा झाला. बाई थांबेनात. पाऊण झाला. माझ्या कानांतून वाफा निघू लागल्या. बाईंनी जीभ दाताखाली धरून, अगदी लक्षपूर्वक, थेंब थेंब ओतत पियाला असा भरला की चहा काठाच्या वर फुगून उभा राहिला. मग दोन्ही हातांनी तो माझ्याकडे सरकवला.

अजून मी तोंडही उघडलं नव्हतं! इतकी वर्षं लाल शाई वापरली, इतक्या पोरांना शिकवलं, आणि एक बाई माझा चेहरा पाहून सांगते की चालते व्हा? काही माणसं अशा वेळी लाचारी करतात. मी उठलो, छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि पियाल्याला स्पर्श न करता बाहेर पडलो.

बाहेर दोघं बदाम खात होते. “इतक्यात?” मिस्टर ह्यूबर्ट उठून उभे राहिले. “छान झाली? मी काल त्या परीक्षक बाईला सांगितलं होतं. आमच्या इंग्लंडचीच, आमच्याच पाहुणघरात उतरली आहे ती. म्हटलं, उद्या माझा इथला सगळ्यात चांगला मित्र येतोय. इथली रीत मला त्यानेच शिकवली आहे. त्याला मान द्यायचा तर पियाला अगदी काठोकाठ भर.”

मला पुढचं नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी बोलत होतो. इंग्रजीत. ओरडून. “मान?” मी म्हणालो. “मान! तुमच्या आयुष्यभराच्या निरीक्षणाला आग लागो! मी तुम्हाला घोटभर देत होतो तो मान होता! काठोकाठ द्यायला लागलो ते तुम्ही जावं म्हणून! रोज हाकलत होतो मी तुम्हाला, रोज, सभ्यपणे, आणि तुम्ही दुसरा मागत होता! माझं अंगण गेलं, माझी उशी गेली, गल्ली माझ्यावर रुसली, जेवणावळ घालावी लागली, आणि या सगळ्यात मला तुमच्याशी एक, फक्त एक वाक्य बोलायचं होतं! आता दिलफुझा माझे वर्ग नेईल, आणि मी म्हातारपणी सफरचंदाचं चित्र हातात धरीन, कारण जगात एकच माणूस असा आहे की ज्याला भरलेल्या आणि अर्ध्या पियाल्यातला फरक कळत नाही, आणि तो मापांचा निरीक्षक आहे!”

मिस्टर ह्यूबर्टचे कान लाल झाले होते.

“म्हणजे ते अर्धे...” ते हळूच म्हणाले.

“मान!”

“आणि भरलेले...”

“चालते व्हा!”

“दोमला,” कुदरत बदाम चावायचा थांबून म्हणाला, “एकदाही अडखळला नाहीत हो.”

मागे दार उघडं होतं आणि परीक्षक बाई त्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “हेच,” त्या म्हणाल्या, “अगदी हेच मला यंत्रावर हवं होतं.” पण यंत्र बंद होतं, आणि बाहेर गेलेला उमेदवार नियमाने गैरहजर. पुढची परीक्षा शरदात. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी हसलं नाही. मिस्टर ह्यूबर्ट पाहुणघरापाशी उतरले, तेव्हा त्यांनी मला नुसता नमस्कार केला.

संध्याकाळी मी अंगणात एकटा बसलो. गेला एकदाचा, म्हटलं. अंगण माझं, उशी माझी, पुस्तक उघडं. शांतता इतकी की कोंबडीचं चालणं ऐकू येत होतं. हाफिझाने नेहमीसारखे सगळे पियाले मांडून ठेवले होते. मी तिला म्हटलं की उचल, कोणी येणार नाही. ती म्हणाली, माझे हात ओले आहेत. खरं सांगतो, मला वाईट वाटत होतं. हाकलायचा होता माणूस, पण त्याला ते कळायला नको होतं.

दार वाजलं. यूनुस-ओता, न्हावी, न्हाव्याचे व्याही, भिंतीवरून कुदरत. आणि सगळ्यांच्या मागे, नवी टोपी घालून, मिस्टर ह्यूबर्ट. मी सवयीने उठून किटली उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

“ओतिरिंग, दोमला,” ते आमच्या भाषेत म्हणाले. म्हणजे बसा. कुदरतनेच शिकवलं असणार, उच्चार तसाच भयंकर होता.

माझ्याच घरात, माझ्याच उशीवर, मी पाहुण्यासारखा बसलो. दारामागून हाफिझा बघत होती. मिस्टर ह्यूबर्टनी किटली वाकवली, डोळे बारीक केले, आणि जन्मभर ज्यासाठी लोकांना पकडलं तो गुन्हा स्वतःच्या हाताने केला: माझ्या पियाल्याच्या बुडाशी जेमतेम घोटभर चहा ओतला. यूनुस-ओतांनी वाकून माप पाहिलं आणि मान डोलावली.

मी तो घोट घेतला आणि पियाला पुढे केला. त्यांनी पुन्हा तेवढाच दिला. या मापाने शरद येईपर्यंत कोणी उठणार नव्हतं.

“तर सकाळी मी सांगत होतो ना,” मी त्यांना इंग्रजीत म्हणालो, “माझं बोलणं अजून संपलेलं नाही.”